ओल्या कार्तिकातलं बाळंतपण

त्या कार्तिकात ऊन पडलंच नाही, असं मी अजून सगळ्यांना सांगते. ते तितकंसं खरं नाही. ऊन पडायचं, पण कधी पडेल आणि किती टिकेल ह्याचा भरवसा नसायचा. मी शाळेत वर्गावर असताना लख्ख पडायचं आणि घरी येऊन गच्चीचं दार उघडेपर्यंत गेलेलं असायचं. कपडे बाहेर टाकले की पाऊस, आत ओढले की ऊन. महिनाभर मी गच्चीचा जिना इतका चढले-उतरले की शेवटी शेवटी आभाळाकडे बघायचाही वीट आला.

आम्ही तंजावूरची मराठी माणसं घरात महिन्याला कार्तिक म्हणतो, पण मोजतो तमिळ पंचांगाने. म्हणजे आमचा कार्तिक नोव्हेंबरच्या मध्याला लागतो आणि इथला खरा पावसाळा तोच. माझी एक चुलत नणंद पुण्यात दिलेली आहे. ती फोनवर विचारते, "थंडी पडली का ग तुमच्याकडे?" तिच्याकडे तेव्हा शालजोड्या निघालेल्या असतात आणि आमच्याकडे टीव्हीवर समुद्रातला पांढरा भोवरा दाखवत असतात. थंडी असते, पण ती ओली थंडी. भिंतीला हात लावला तर हात ओला होतो.

मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी दिवाळीनंतर आली. ती आणि जावई दोघंही चेन्नईला नोकरीत. ती आमच्याशी मराठी बोलते, चिडली की तमिळ. वाचता मात्र तिला येत नाही. आमच्या घरात ही लिपी वाचणारी मी एकटीच, तीही वडिलांनी बसवून शिकवली म्हणून. त्या महिन्याबद्दल लिहिणार आहे, असं मी तिला आधी विचारलं. म्हणाली, "लिही की. मी कुठे वाचणारे!" मग म्हणाली, "पण खरं तेच लिही, अम्मा. उगाच गोड करू नकोस."

बाळ झालं त्या दिवशी स्वच्छ ऊन होतं. नर्सिंग होमच्या खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत टाकलेले पापड दिसत होते. सरळ बाळंतपण झालं, थोडे टाके पडले. मुलगा. नर्सने त्याला माझ्या हातात दिलं तेव्हा त्याने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला. यजमान शेजारी उभे होते. ते म्हणाले, "तुझ्या वर्गातल्या मुलांसारखा बघतो हा. लक्ष नाही, पण आहे असं दाखवतोय." आम्ही हसलो. मुलगीही हसली, पण तिचं हसू लगेच संपलं. दमली असेल, असं वाटलं. दमलेली होतीच.

घरी आणलं त्याच संध्याकाळी आभाळ भरून आलं.

आमचं घर मेल वीथीच्या मागच्या एका गल्लीत आहे. गल्ली जुन्या खंदकाच्या बाजूला उतरते, त्यामुळे पाऊस झाला की वरच्या रस्त्याचं पाणी आमच्या दारावरून जातं. घरात येत नाही, पायऱ्यांशी थांबतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत पाण्याची काळजी नव्हतीच. काळजी होती दुपट्यांची आणि लंगोटांची. बाळ ओलं करी, मी धुई, आणि वाळत काही नसे. हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधल्या. आल्यागेल्याला वाकून यावं लागे. पंखा लावून वाळवावेत तर करंट जाई. इस्त्री फिरवून वाळवावेत तरी तेच. मग मी शेगडीत निखारे घालून त्यावर टोपली उपडी ठेवली आणि टोपलीवर कपडे पसरले. वर सांब्राणी, म्हणजे ऊद, टाकली, वास जावा म्हणून. धूर बाळंतिणीच्या खोलीत गेला.

"अम्मा, मला श्वास घेता येत नाहीये," आतून मुलगी म्हणाली.

"दार लावून घे."

"दार लावलं तर कोंडतं."

मी शेगडी उचलून मागच्या पडवीत नेली. तिथे पावसाची झड येत होती. निखारे विझले.

त्यातच बाळ पिवळं दिसायला लागलं. आंघोळ घालायला एक बाई येत असे, तिने त्याला मांडीवर घेतलं आणि दाराच्या उजेडाकडे वळवून म्हणाली, "अक्का, याला काविळीची छटा आहे. सकाळचं ऊन दाखवा." शेजारणीही तेच म्हणाल्या. डॉक्टरांना फोन केला तर त्या म्हणाल्या, "उन्हाच्या भरवशावर राहू नका. बऱ्याच बाळांना थोडी कावीळ होते आणि आपोआप उतरते. पण तो सुस्त वाटला, नीट पिईना, किंवा पिवळेपणा पोटाच्या खाली गेला, तर ताबडतोब घेऊन या."

मी ते नीट ऐकलं, आणि तरीही ऊन शोधत राहिले. माणसाला काहीतरी करायला हवं असतं. एकदा सकाळी भांडी घासताना खिडकीत उजेड आला. मी हात तसेच पदराला पुसले, बाळाला उचललं आणि गच्चीवर धावले. ऊन होतं, पिवळंधमक, ओल्या गच्चीवरून वाफ निघत होती. मी त्याचं दुपटं सोडलं, पाठ उन्हाकडे केली. तेवढ्यात ढग आला. मी थांबले. ढग गेला, ऊन आलं, पुन्हा दुपटं सोडलं, आणि थेंब पडायला लागले. मुलगी एका हाताने कठडा धरून, एकेक पायरी चढत छत्री घेऊन वर आली.

"टाके आहेत तुला, वर कशाला आलीस?" मी ओरडले.

"डॉक्टर काय म्हणाल्या? उन्हाने काही होत नाही म्हणाल्या ना?" तीही ओरडली, तमिळमध्ये.

आम्ही दोघी गच्चीवर एका छत्रीखाली उभ्या राहून भांडलो. बाळ मधे झोपलेलं होतं.

वादळाची बातमी त्यानंतर आली. आधी म्हणाले उत्तरेला जाईल, मग म्हणाले आमच्याच किनाऱ्याला लागेल, मग पुन्हा वळलं म्हणाले. काही वर्षांपूर्वीच्या मोठ्या वादळाने ओरत्तनाडुकडची माडाची बनं झोपवली होती, ते सगळ्यांनी पाहिलेलं. त्यामुळे वळलं म्हटल्यावर कुणाचा विश्वास बसेना. तिरुवैयारुजवळ आमचं थोडं शेत आहे. त्यात सांबा, म्हणजे आमच्याकडचं लांब मुदतीचं भात, पोटरीला आलेलं होतं. यजमान म्हणाले, "बांध फोडून पाणी काढून दिलं नाही तर सगळं कुजेल. मी जाऊन येतो."

"आज नको," मी म्हटलं.

"उद्या गेलो तर बस मिळणार नाही."

ते गेले. दुसऱ्या दिवशी बसगाड्या बंद झाल्या आणि ते तिकडेच अडकले. सकाळी टीव्हीवर शाळांना सुट्टी जाहीर झाली तेव्हा मला बरं वाटलं, तेवढंच. आंघोळ घालणारी बाई आली नाही. तिचं घर कालव्याच्या काठी, सखल भागात. फोन केला तर म्हणाली, घरात पाणी आलंय, आम्हाला एका शाळेत आणून ठेवलंय, तुम्ही आज नुसतं अंग पुसून घ्या.

मी पाणी गरम करून बाळाचं अंग पुसायला बसले. एरवी तो पाण्याचा स्पर्श झाला की किंचाळायचा. त्या दिवशी त्याने नुसती मान कलंडवली. मी त्याच्या पायाच्या पोटरीवर अंगठा दाबला आणि सोडला. त्याखालची कातडी हळदीच्या रंगाची होती.

"सकाळपासून किती वेळा प्यायला?" मी विचारलं.

मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. "माहीत नाही. झोपतोय सारखा. मी उठवलं नाही."

"ऊठ. साडी नको, नायटीवर शाल घे. आपण निघतोय."

वारा तेव्हा नुकता वाढत होता. गल्लीत घोट्याच्या वर पाणी. मी बाळाला छातीशी बांधलं, त्यावर यजमानांचा रेनकोट पुढून अडकवला, आणि मुलीचा दंड धरून चालायला लागले. पाण्याखालची गटारं कुठे उघडी आहेत ते मला पाठ होतं, पण त्या दिवशी स्वतःच्या पाठांतरावर भरवसा वाटेना. पाय सरकवत सरकवत गेलो. कोपऱ्यावर एकच ऑटो उभी होती. चालक आत मागच्या सीटवर पाय वर घेऊन बसलेला.

"कुठे?" त्याने विचारलं. मी सांगितलं. त्याने रेनकोटातून डोकावणाऱ्या टोपड्याकडे पाहिलं आणि सीटवरून उतरला.

अर्ध्या वाटेत एक झाड आडवं पडलेलं होतं. त्याने ऑटो वळवली, दुसऱ्या रस्त्याने नेली. तिथे पाणी जास्त होतं आणि इंजिन बंद पडलं. त्याने दोनदा-तीनदा चालू करून पाहिलं. मग खाली उतरला आणि एका हाताने हँडल धरून ढकलायला लागला. ऑटो हलेना. मी बाळाला मुलीच्या मांडीवर दिलं, साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि मागून ढकलायला लागले. माझं वय त्या वेळी निवृत्तीला टेकलेलं. पाऊस आडवा येत होता, चष्म्यातून काही दिसत नव्हतं. मी नुसतं डोकं खाली घालून ढकलत होते. त्या वेळी मी देवाला काही म्हटलं असेन तर मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मला खूप राग आला होता. कुणाचा, तेही ठरत नव्हतं. वादळाचा, शेताचा, भिंतीकडे तोंड करून पडणाऱ्या मुलीचा, न वाळणाऱ्या कपड्यांचा.

चढावर पाणी कमी झालं आणि इंजिन चालू झालं. चालक म्हणाला, "अम्मा, बसा लवकर, आता थांबवत नाही."

नर्सिंग होममध्ये बाळाच्या टाचेतून रक्त घेतलं. डॉक्टर स्वतः घरी जाऊ शकल्या नव्हत्या, तिथेच होत्या. रिपोर्ट बघून म्हणाल्या, "लाइटखाली ठेवायला लागेल. आणलंत ते बरं केलंत." त्यांनी बाळाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, अंगावर फक्त लंगोट ठेवला आणि निळ्या दिव्याखालच्या काचेच्या पेटीत झोपवलं. सगळी खोली निळी झाली. बाहेर करंट गेलेलाच होता. जनरेटरचा एकसुरी आवाज चालू होता. वारा वाढला की तो आवाज त्यात बुडायचा.

आम्हाला शेजारची खोली मिळाली. एका नर्सने मला तिची सुकी साडी दिली. मी ती नेसले आणि भिंतीला टेकून खाली बसले. मुलगी खाटेवर. खिडकीबाहेरचा माड एकदा दिसे, एकदा दिसेनासा होई.

"अम्मा," ती म्हणाली. "एक सांगू? रागावू नकोस."

"सांग."

"त्याला तिकडे नेलं ना, तेव्हा मला बरं वाटलं. म्हणजे तो बरा होईल म्हणून नाही. माझ्याजवळ नाही म्हणून." ती माझ्याकडे बघत नव्हती. "तो रडला की मला वाटतं कुणाचं तरी दुसऱ्याचं मूल आहे. मला उचलावंसंच वाटत नाही. आई झाल्यावर असं वाटतं का कुणाला?"

एरवी हे ऐकून मी हबकले असते. काहीतरी समजावलं असतं, देवाचं नाव घ्यायला सांगितलं असतं. त्या वेळी माझ्या अंगात तेवढं त्राण नव्हतं. जे खरं होतं तेवढंच तोंडातून निघालं.

"अगं, मलाही बरं वाटलं. हात मोकळे झाले."

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "तुला पण?"

"मला पण. आता झोप. पाजायला बोलावतील तेव्हा मी उठवीन."

ती झोपली. बाळ झाल्यापासून ती इतकी गाढ झोपलेली मी पाहिली नव्हती. मी बसून राहिले. संध्याकाळपर्यंत वारा हळूहळू दिशा बदलत गेला आणि ओसरला. नर्स म्हणाली, वादळ खाली कुठेतरी किनाऱ्याला लागलं. आमच्या वाट्याला त्याची कडच आली होती.

यजमान दोन दिवसांनी आले, एका ट्रॅक्टरवर बसून आणि पुढे चालत. त्यांच्या पावलांची कातडी पाण्यात राहून पांढरी, सुरकुतलेली झाली होती. त्यांनी आधी काचेतून नातवाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"शेत?" मी विचारलं.

"निम्मं आडवं झालंय. निम्मं उभं आहे." ते खुर्चीवर बसले आणि बसल्या बसल्या झोपले.

बाळाची कावीळ उतरली. आम्ही घरी आलो. मला वाटलं, आता संपलं. तसं काही नव्हतं. एक दिवस कोरडा गेला, मग पुन्हा रिपरिप. सकाळी धुकं, दुपारी घाम फुटेल असा उकाडा, तिसऱ्या प्रहरी गडगडाट. समुद्रात पुन्हा काहीतरी तयार झालंय म्हणत होते. शाळा सुरू झाल्या आणि पावसात गेलेले दिवस भरून काढायला शनिवारीही वर्ग लागले. मी सकाळी कुकर लावून जायची, दुपारी धावत यायची. मुलगी बाळाला वेळेवर पाजायची, लंगोट बदलायची, सगळं करायची. पण ती ते पाढे म्हटल्यासारखी करत होती. ताट वाढलं तर दोन घास खायची. पडदा वाऱ्याने फडफडला म्हणून एकदा रडायला लागली. मी पडदा काढून टाकला. तर पडदा काढला म्हणून रडली.

यजमान हळू आवाजात म्हणाले, "हवाच अशी आहे. माणूस कोंडून पडतो. ऊन पडलं की तिला बरं वाटेल."

मीही तेच धरून बसले होते.

आणि खरंच ऊन पडलं. महिन्याच्या मधोमध सलग काही दिवस आभाळ धुतल्यासारखं निळं झालं. सगळ्या गल्लीने गाद्या बाहेर काढल्या. माणसं दारात उभी राहून एकमेकांशी विनाकारण बोलू लागली. मी घरातल्या दोऱ्या सोडल्या, लंगोट कडक वाळले, त्यांना उन्हाचा वास आला. त्या सकाळी मी गच्चीवर खुर्ची ठेवली आणि मुलीला तिथे नेऊन बसवलं. बाळाला तिच्या मांडीवर दिलं. ऊन तिच्या केसांवर, तिच्या हातांवर पडलं होतं. वारा अगदी मंद. दूरवर मोठ्या देवळाचं शिखर स्वच्छ दिसत होतं.

मी कपडे वाळत घालता घालता वळून पाहिलं. ती आवाज न करता रडत होती. अश्रू हनुवटीवरून बाळाच्या दुपट्यावर पडत होते आणि ते पुसायलाही ती हात उचलत नव्हती.

त्या उन्हात उभी असताना मला कळलं की हे हवेचं नाही. आता पावसावर ढकलायला काही उरलं नव्हतं.

मी त्याच दुपारी डॉक्टरांकडे एकटी गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "हा आजार आहे. बाळंतपणानंतर होतो. औषधाने आणि बोलण्याने बरा होतो. तिला मनाच्या डॉक्टरांकडे न्या, मी नाव देते. उशीर करू नका."

घरी येऊन मी तिला सांगितलं. ती उठून बसली.

"वेडी झालेय मी, असं म्हणतेस?"

"नाही."

"मग मला नको. लोक काय म्हणतील? सासूबाईंना काय सांगू?"

मी तिच्या खाटेच्या कडेला बसले. समजावायचे शब्द मी वाटेत जुळवून आणले होते, त्यांतला एकही आठवला नाही. "मी दमलेय ग," मी म्हटलं. "बाळाला बघायचं, तुला बघायचं, शाळा, ह्यांचं शेत. मला एकटीने आता होत नाही. तुझ्यासाठी नको येऊस. माझ्यासाठी चल."

तिने माझ्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाली, "सरी, अम्मा." आमच्या घरात बरं म्हणायला तोच तमिळ शब्द आहे.

आम्ही गेलो त्या दिवशी पुन्हा पाऊस होता. डॉक्टर मध्यम वयाचे, कमी बोलणारे. ते तिच्या एकटीशी बोलले, मी बाहेर बाळाला घेऊन फेऱ्या घातल्या. अंगावर पाजत असताना चालणाऱ्या गोळ्या दिल्या. गुण यायला काही आठवडे लागतील, म्हणाले. रोज तिला काही तास सलग झोपू द्या, म्हणाले. सांगायला सोपं. मी जावयाला फोन केला.

त्यांच्या भागात पाणी भरलं होतं म्हणून ते इतके दिवस अडकले होते. आता गाड्या सुरू झाल्या होत्या. ते आले, लॅपटॉप, ओले बूट आणि खोकला घेऊन. मुलगी त्यांच्याशी पहिला दिवस बोललीच नाही. त्यांनी ते मनावर घेतलं नाही, किंवा घेतलं असेल तर दाखवलं नाही. दुसऱ्या सकाळी मी उठले तर ते न्हाणीघरात बसून लंगोट धूत होते.

"अहो, ठेवा ते, मी धुते," मी म्हटलं.

"तुम्ही झोपा," ते म्हणाले. "बाळ अप्पांकडे आहे." आणि खरंच, हॉलमध्ये साडीच्या झोळीला यजमान पायाने झोके देत पेपर वाचत होते. मी परत जाऊन आडवी झाले. दिवसाउजेडी, शाळेला दांडी मारून. माझ्या नोकरीतला तो तसा पहिलाच दिवस असावा.

कार्तिकातल्या दीपांच्या संध्याकाळी बारीक पाऊस होता. दरवर्षी आम्ही उंबऱ्यावर आणि पायऱ्यांवर पणत्या मांडतो. मी मांडल्या, वाऱ्याने विझल्या. पुन्हा लावल्या, थेंबांनी विझल्या. मी काडेपेटी खाली ठेवली. जावई एक मोठी छत्री घेऊन आले. मी पुन्हा काडी ओढली आणि ते छत्री पेटलेल्या पणत्यांवर धरून वाकून उभे राहिले, अगदी गंभीर चेहऱ्याने. मुलगी दारात होती.

"छत्री जळेल हं," ती म्हणाली.

त्यांनी घाबरून छत्री वर उचलली आणि सगळं पाणी त्यांच्याच मानेवर ओघळलं. ती हसली. फार नाही, पण आवाज आला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गप्प होती. बरं होणं तसंच चाललं, दोन दिवस पुढे, एक दिवस मागे. आम्ही कुणी तिला "आज कसं वाटतंय" असं विचारायचं सोडून दिलं, कारण त्या प्रश्नाचं तिला ओझं व्हायचं.

मार्गशीर्ष लागला तसं पहाटे धुकं पडू लागलं आणि पाऊस विरळ झाला. देवळांच्या भोंग्यांवर पहाटेची भजनं सुरू झाली. त्याने बाळ जागं व्हायचं. एका पहाटे मी दूध तापवत होते. मुलगी त्याला घेऊन स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "अम्मा, हा तुझ्यासारखा कपाळाला आठ्या घालतो, बघ." मी बघितलं. घालत होता. तिने त्या आठीवर बोट फिरवलं. मी दुधाकडे वळले, कारण ते उतू जायला आलं होतं.

शेतातलं आडवं पडलेलं भात कापायला महाग पडलं आणि त्यातलं बरंच मोडावलेलं निघालं. उभं होतं ते आलं. पोंगलला नवा तांदूळ घरचा झाला. उन्हाळ्याच्या आधी मुलगी चेन्नईला परत गेली. गोळ्या तिने पुष्कळ महिने घेतल्या, मग डॉक्टरांनी हळूहळू कमी केल्या. ती पुन्हा कामावर जाते. नातू आता पळतो आणि आजीला तमिळमध्येच हाका मारतो. मराठीत बोललेलं सगळं समजतं त्याला, उत्तर देत नाही.

मी निवृत्त झाले. लोक म्हणतात, आता आराम. पण तो महिना माझ्या अंगातून पुरता गेला नाही. उजवा खांदा आखडलाय. ज्या मुलाकडे व्यायामासाठी जाते तो विचारतो, "पडला होतात का? काही जड उचललं होतं?" मी म्हणते, "तसं काही नाही." त्याला सगळं सांगत कुठे बसू? तो भिंतीवर बोटं चालवायला सांगतो, कोळ्यासारखी, जमेल तितकी वर. मी रोज सकाळी हॉलच्या भिंतीशी उभी राहते आणि बोटं वर नेते. बोटं कानाच्या पातळीला आली की खांदा अडतो.

काल यजमान कॉफी घेऊन जाताना थांबले, माझ्या बोटांकडे बघितलं आणि म्हणाले, "कालच्यापेक्षा वर गेलीस."

गेले नव्हते. पण मी हो म्हटलं आणि हात खाली घेतला.